फोटोची कापलेली बाजू

सिंदी मेघेची रामबाई माझ्या फोटो स्टुडिओत पहिल्यांदा आली ती चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या चार दिवस आधी. तिच्या घरातला फोटो मात्र मी बारा वर्षांपासून ओळखत होतो. तो मीच मोठा करून दिला होता. तिच्या वाट्याला जे आलं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायची हिंमत होणार नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सुटीवर आलेल्या जवानांचे असे पाच-सहा फोटो माझ्याकडे आले होते. सगळ्यांची पोज तीच. एक पाय पेटीवर, खांद्यावर शत्रूकडून हिसकावलेली मशीनगन, गळ्यात गोळ्यांचा पट्टा हारासारखा. बंदूक एक, आणि तिच्यासोबत फोटो काढायला अख्खी तुकडी रांगेत. घरोघरी मात्र ती आपल्याच पोरानं एकट्यानं हिसकावलेली. मी कशाला कोणाचा भ्रम तोडू? भाड्याचा कोट घालून फोटो काढणाऱ्यांवरच माझं पोट चालायचं.

टिकाराम त्यांतलाच एक. तळहाताएवढा फोटो पुढे करून म्हणाला, उजवी बाजू नको. त्या बाजूला जमिनीवर कांबळं पांघरलेला माणूस होता. त्याचा डावा पाय बाहेर आलेला, बूट नाही, पोटरीला पट्टी. कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, "दुश्मनाचा मुडदा हाये. माय भिऊन जाईन." मी ती बाजू मोठ्या फोटोत येऊच दिली नाही. छोटा फोटो हरवू नये म्हणून आमच्या रीतीप्रमाणे मोठ्याच्या पाठीमागे ठेवला आणि वरून पुठ्ठा ठोकला.

तो फोटो त्यानं स्वतःच्या घरी नेलाच नाही. त्याच्याच तुकडीतला, त्याच्याच गल्लीतला नत्थू त्या लढाईत गेला होता. नत्थूच्या आईला, या रामबाईला, त्यानं तो नेऊन दिला. ही बंदूक तुझ्या नत्थूनंच हिसकावली, असं सांगितलं. गोळी लागली तसा गेला, त्याला कळलंही नाही. त्याचा फोटो राहून गेला म्हणून त्याच्या जागी आपण उभे राहिलो, असंही सांगितलं.

नवरा गेल्यावर दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून रामबाईनं पोरं वाढवली होती. तिला टिकारामच्या त्या बोलण्याचा मोठा आधार झाला. वर्षभरात तिनं आपली पोरगी सुंदरा त्याला दिली. पलटणीतून सुटल्यावर त्याला घरातच ठेवून घेतलं. नत्थूचं ताट त्याचं झालं. दर दसऱ्याला विळा-कुऱ्हाडीची पूजा झाली की ती फोटोतल्या बंदुकीलाही कुंकू लावायची.

त्या वर्षी घर सारवताना फ्रेम पडून काच फुटली, आणि ती घेऊन रामबाई माझ्याकडे आली. मी तिच्यासमोरच पुठ्ठा काढला. छोटा फोटो खाली पडला, तो तिनं उचलला. माझ्या जिभेला हाड नाही. मी बोलून गेलो की मावशी, तो दुश्मनाचा मुडदा आहे, तू भिशील म्हणून टिकारामनं ती बाजू काढायला लावली होती. तिनं फोटो दाराच्या उजेडात नेऊन धरला.

"दुश्मनाच्या पायाले का चारच बोटं होती, भाऊ?" ती म्हणाली.

नत्थूच्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीखाली आली होती. हळद हिनंच बांधली होती.

टिकाराम जवळच्या कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होता. ती तडक तिकडे निघाली, मीही मागोमाग गेलो. तिनं फोटो त्याच्यासमोर धरला.

"दोन घंटे जिता होता तो," टिकाराम म्हणाला. "याच बंदुकीची गोळी लागली. पानी मांगे. मंग बंदूक हाती आली. सगळे फोटो काहाडून राह्यले होते. मीबी उभा राह्यलो."

"अन् हासला."

"फोटो काहाडनारा हासा म्हने, माय."

"बारा वर्सं म्या तिले कुंकू लावलं. तू पाह्यत बसला."

पहिल्या दिवशी सांगवलं नाही, मग कधीच सांगता आलं नाही, असं तो पुटपुटला. मला चीड आली. खोटं बोलणं एका दिवसाचं असतं, हा तर बारा वर्षं त्या खोट्याच्या ताटात जेवला. आणि मित्राला दुश्मन म्हणताना मला मूर्ख बनवलं ते वेगळंच.

परत येताना रामबाईनं मला फक्त एक काम सांगितलं. कापलेली बाजू तेवढी मोठी करून दे. धूसर येईल, मी म्हणालो. चालेल म्हणाली.

दसऱ्याला मीच फ्रेम घेऊन गेलो. फोटो खरंच धूसर आला होता, पण बोटं मोजता येत होती. रामबाईनं तो जुन्याच खिळ्याला लावला. घरी तिनं कोणालाच काही सांगितलं नव्हतं. सुंदरा आपट्याची पानं घेऊन आली, सगळ्यांना सोनं वाटून झालं, आणि टिकाराम दरवर्षीसारखा सासूच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागे घेतले.

"माह्या नाई," ती भिंतीकडे बोट करून म्हणाली. "त्याच्या पड. अन् थो पाय कोनाचा हाये, थे सुंदराले तूच सांग."

सुंदरा हातातली पानं तशीच धरून नवऱ्याकडे पाहत राहिली.