अक्काची हजेरी

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. कानडी मुलखात, बनशंकरीत वाढले, तिथल्याच एचएसआर भागात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. जी गोष्ट दुसऱ्यांदा घडवून दाखवता येत नाही, ती मी मानतच नाही. म्हणून तर हे लिहिताना माझीच मला चीड येतेय...

गेल्या वर्षी मी आणि माझी थोरली बहीण — अक्का — मालदीवला स्कूबासाठी गेलो होतो. सहा दिवस बोटीवरच मुक्काम. उठा, बुडी मारा, खा, झोपा, परत बुडी! प्रत्येक बुडीनंतर गाईड नावं पुकारायचा आणि ज्याचं त्यानेच "येस" म्हणायचं, हा कडक नियम. आमच्या घरी उलटी तऱ्हा. अक्काला हाक मारली की मी ओ देते, मला मारली की ती.

चौथ्या दिवशी सकाळच्या दुसऱ्या बुडीत माझा कान ठणकायला लागला. मी लवकर वर आले, छोट्या होडीने मला बोटीवर सोडलं. बाकीचे नंतर दोन फेऱ्यांत परतले. मी केबिनमध्ये पडले होते, तर वर नावं पुकारायला सुरुवात झाली. आमच्या बाथरूमचं दार बंद, आत शॉवर चालू. मी दार वाजवलं. "अक्का, हजेरी चाललीय!"

"स्वल्प थांब गं, डोकं धुऊन घेते."

तिचाच आवाज. बोटीवर आम्हा दोघींशिवाय कुणाला मराठी येत नव्हतं, त्यात हे आमचं कन्नड मिसळलेलं. मी वर जाऊन गाईडला सांगितलं, "ती खाली आहे, आत्ताच बोलले तिच्याशी." तो जरा घुटमळला. मग बोट निघाली.

वीसेक मिनिटांनी तिला जेवायला बोलवायला गेले. बाथरूमचं दार सताड उघडं. फरशी ठणठणीत कोरडी, टॉवेलची सकाळची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी किंचाळलेच.

बोट वळली. सगळे छतावर चढून पाणी न्याहाळत होते. आईला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी लांबवर अक्काने खुणेसाठी फुगवलेली नारिंगी नळी दिसली. प्रवाहाने अक्का गटापासून तुटली होती. वर आली, तेव्हा बोट लांब चाललेली. वर ओढून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला टाकून कशी निघालीस गं?"

गाईडच्या मते मी आळसाने थाप मारली. भावोजींनाही तेच वाटतं. शॉवरचा आवाज शेजारच्या केबिनमधला असेल, मान्य. पण ते बोलणं?

परवा देवनहळ्ळीला, अक्काच्या नव्या घरी गेले होते. माझा हात धरून म्हणाली, "कंटाळा केला, असं एकदा म्हण. सरी, ठीक आहे, मी विसरून जाते."

एक वाक्य खोटं बोलले असते, तर माझी बहीण मला परत मिळाली असती. नाही बोलता आलं. मी ऐकलं होतं ना... अक्काने माझा हात सोडला.