‘पूर्ण झाले’ दाबण्याआधी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या इंग्रजीच्या बाईंचे. परभणी जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिकवायच्या. दहावी झाल्यावर वडील मला पिठाच्या गिरणीवर बसवणार होते. त्यांचंही काही चुकत नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं. बाई कॉलेजचा फॉर्म घेऊन घरी आल्या, बाजेवर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "चहा ठेवू नका. ह्यांची सही झाली की घेईन." वडिलांनी आधी दळणाचं कारण काढलं, मग चष्म्याचं. बाई बसून राहिल्या. दिवेलागणीला सही झाली.

मी बी.एस्सी. झालो आणि पुढे लखनौच्या एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक म्हणून लागलो. तेव्हा संस्थेच्या ग्रंथालयात चार कॉम्प्युटर होते आणि त्यांवर पॉप-अपचा नुसता सुळसुळाट होता. एक लेख उघडायला जावं तर तीन खिडक्या आपोआप उघडायच्या. एकीत लॉटरी लागलेली, दुसरीत वजन घटवायचं औषध, तिसरी बंद करू तर आणखी दोन. मी दोन दिवस बसून चारही कॉम्प्युटरवर पॉप-अप बंद करून टाकले. सगळे खूश झाले. आठवड्याने एका शास्त्रज्ञ मॅडमचा शोधनिबंध जर्नलकडे जाईना, कारण तिथला फॉर्मही वेगळ्या खिडकीत उघडायचा. त्यांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "चोराच्या भीतीनं पोस्टमनलाही फाटक बंद?" मी त्या साइटला परवानगी दिली. धडा शिकलो असं मला वाटलं होतं.

बाई निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी परदेशी. मी दर दिवाळीला लखनौतल्या तेलीबागेतल्या माझ्या घरून गावी जायचो तेव्हा त्यांच्याकडे एक संध्याकाळ ठरलेली असायची. अशाच एका दिवाळीत त्यांच्या टेबलावर लॅपटॉप दिसला. मुलीनं दिलेला. त्यावर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशी लाल खिडकी सारखी उघडायची आणि बाई घाबरून लॅपटॉपचं झाकणच मिटायच्या. मी लगेच सगळे पॉप-अप बंद केले. वर निक्षून सांगितलं, "पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एक बारीक लाल फुलीचं चिन्ह येईल. त्याला हात लावायचा नाही."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

निघताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. "लेकरा, मी बाहेरून बी.ए.ला बसलेय. हसायचं नाही."

मला हसू येणं शक्यच नव्हतं. बाई पदवीधर नाहीत हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं! मॅट्रिक, डी.एड., नोकरी, लग्न, सासरची माणसं. आमच्यासारख्या कितीतरी पोरांचे कॉलेजचे फॉर्म त्यांनी भरले, स्वतःचा भरायला सदुसष्टावं वर्ष उजाडलं. दोन वर्षं झाली होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं.

त्या शेवटच्या परीक्षेला अठरा दिवस उरले असताना त्यांचा फोन आला. "अरे, हॉल तिकीट निघत नाही. बटण दाबते, काहीच होत नाही. हॉल तिकिटाशिवाय बसू देत नाहीत."

मला क्षणात कळलं. हॉल तिकीट वेगळ्या खिडकीत उघडत असणार, आणि ती खिडकी मीच बंद केली होती.

"बाई, वर ते लाल फुलीचं चिन्ह दिसतंय?"

"दिसतंय की. केव्हाचं दिसतंय. पण हात लावायचा नाही, तूच सांगितलंस."

"आता लावा."

"मग तेव्हा का नको म्हणालास?"

"तेव्हा माझी चूक झाली, बाई."

"बरं. लावला. एक चौकट आली."

"त्यात अलाऊ असं काही आहे का?"

"अलाऊ? मी सगळं मराठी करून घेतलंय. ऐक, वाचते. ‘पॉप-अप अवरोधित करणे सुरू ठेवा.’ ठेवू सुरू?"

"नाही, नाही! थांबा—"

पण लाइन गेली. पुन्हा लागली तेव्हा बाई आनंदात होत्या. "झालं बघ. खाली ‘पूर्ण झाले’ होतं, ते दाबलं."

पूर्ण काहीच झालं नव्हतं. त्या चौकटीत दोन पर्याय असतात, परवानगी द्या आणि बंदच ठेवा, आणि दुसरा आधीपासून निवडलेला असतो. तसंच ‘पूर्ण झाले’ दाबलं की खिडकी बंदची बंदच राहते. मी हे इंग्रजी नावं घेऊन समजावू लागलो, बाई समोरचं मराठी वाचू लागल्या. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. शिवाय फोन धरायचा, चष्मा सांभाळायचा आणि माउसही हलवायचा. तीनदा प्रयत्न केला, तीनही वेळा आम्ही दोघं वेगवेगळ्या पानांवर होतो.

मी म्हटलं, "बाई, जवळच्या नेटकॅफेत जा. तो दोन मिनिटांत काढून देईल."

"त्याला माझा पासवर्ड देऊ? जन्मभर पोरांना सांगितलं, दुसऱ्याच्या हातून उत्तरं लिहून घेऊ नका. तू असं कर, नीट लिहून पाठव. कागद मांडीवर घेऊन करते. लिहिलेलं मला कळतं."

मला गाडी पकडून जाता आलं असतं, पण बाईंनी मागितलं होतं ते पत्र. ते असं हवं होतं की विचारायला कुणी नसताना, सावकाश, बोट ठेवून वाचलं तरी पोचता यावं.

अडचण अशी की मराठीत त्या चौकटीत नेमकं काय लिहिलेलं असतं हे मलाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं हे काम मी इंग्रजीत केलं, लोकांना हिंदीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या सामाईक कॉम्प्युटरवरचा ब्राउझर मराठी केला आणि माझ्याच रोजच्या मेनूत हरवलो. शेजारच्या टेबलावरचे लखनवी सहकारी मान वाकवून बघू लागले.

"अमाँ, ये क्या कर डाला आपने? ये तो हिंदी लगती है, पर है नहीं."

"मराठी है, भाईसाहब."

"अच्छा! यानी हिंदी की मौसी. तो मौसीजी से पूछिए, मेरा प्रिंट वाला बटन कहाँ गया?"

मी त्यांना ‘मुद्रित करा’ दाखवलं. ते म्हणाले, "माशाअल्लाह, कॉम्प्युटर तो पंडित हो गया," आणि चहाला निघून गेले. मी एकेक शब्द जसा होता तसा कागदावर उतरवला. एक पॉप-अप मुद्दाम अडवून पाहिला, ‘पूर्ण झाले’ आधी चुकीचं दाबून पाहिलं, मग बरोबर. पाच वेळा केलं. पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत मी शहाणपणा फार शिकवला होता. तिसरं स्पीड पोस्टनं पाठवलं.

सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. बाई एवढंच म्हणाल्या, "निघालं. फोटो जरा काळा आलाय, पण मीच आहे."

त्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली. ते असं होतं:

ती. बाईंना सा. न. वि. वि.

लॅपटॉप चालू करून विद्यापीठाच्या पानावर जा आणि तुमचा पासवर्ड घाला. घाई नको, पान पूर्ण उघडू द्या.

‘हॉल तिकीट’ हे बटण दाबा. काही होणार नाही. ते तसंच व्हायला हवं, घाबरू नका.

आता वरच्या पट्टीत उजव्या टोकाला लाल फुलीचं चिन्ह येईल. त्यावर एकदाच दाबा. चौकट उघडेल.

चौकटीत दोन ओळी आहेत आणि प्रत्येकीच्या आधी एक गोल आहे. खालच्या ओळीच्या गोलात ठिपका असेल. ती ओळ ‘अवरोधित करणे सुरू ठेवा’ अशी आहे, ती आपल्याला नको. वरची ओळ ‘नेहमी अनुमती द्या’ अशी सुरू होते. तिच्या गोलावर दाबा. ठिपका वर गेला का, ते चष्मा लावून बघा. तो वर गेल्याशिवाय ‘पूर्ण झाले’ दाबू नका.

ठिपका वर गेला की मग ‘पूर्ण झाले’ दाबा. नंतर हॉल तिकिटाचं बटण पुन्हा दाबा. नवी खिडकी उघडेल. ती व्हायरसची नाही, तुमचीच आहे. नाव, विषय आणि केंद्र तपासा आणि दोन प्रती काढा.

ही परवानगी फक्त विद्यापीठाच्या पानाला मिळते. बाकीच्या खिडक्या बंदच राहतील.

बाई, हे दार मीच लावलं होतं. तुम्हाला न विचारता आणि नीट न समजावता लावलं, वर हात लावू नका म्हणालो. तुम्ही मला कधी एखादी गोष्ट कारण न सांगता करायला लावली नाहीत. मी तुम्हाला लावली, त्याबद्दल क्षमा करा.

कुठे अडलं तर ज्या ओळीवर अडलं तिच्यावर बोट ठेवून फोन करा. माझ्यासमोर हाच कागद असेल.

आपला विद्यार्थी