बावीस मार्कांनी हुकलेली

बारावीनंतर नीटचा पहिला निकाल लागला तेव्हा मी आईला सांगितलं, बावीस मार्कांनी राहिलं. खरं तर एकशे चाळीस मार्कांनी राहिलं होतं. बावीस हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. तोंडात आला आणि बाहेर पडला. वीस म्हटलं असतं तर बनवलेला वाटला असता, एवढं भान मात्र मला त्या क्षणीही होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहतो. वडील धुळ्याकडून आले ते लूमवर लागले आणि तिथंच राहिले. आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. सकाळी टेम्पो येतो, प्रत्येक दारात साड्यांची पोटली टाकतो. आमच्या ओट्यावर दुपारपर्यंत सावली असते म्हणून गल्लीतल्या पाच-सहा बायका आपापली पोटली घेऊन आमच्याकडेच बसायच्या. मी निकाल बघून बाहेर आले तेव्हा सगळ्या होत्या, आणि सगळ्यांचे हात थांबले होते.

"कितलं राह्यनं?" आईनं विचारलं.

आता माझं कौतुकही सांगायला हवं. आठवीपासून मला गल्लीत डॉक्टरीण म्हणायचे, आणि मी ते नाक वर करून ऐकून घ्यायचे. याच ओट्यावरची एक मावशी एकदा हसून म्हणाली होती, "डॉक्टर व्हनं म्हंजे साडीले खडा लावनं शे का?" त्यावर मी तिला असं काही तोडून बोलले होते की ती चार दिवस आमच्याकडे फिरकली नव्हती. तीही त्या दिवशी समोर बसली होती, हातात डिंकाची नळी घेऊन. तिच्यापुढे एकशे चाळीस म्हणायला माझी जीभ रेटेना.

"बावीसच ना?" आईचा चेहरा उजळला. "मंग ते रिपेअर शे. सेकंड नही."

हे तिच्या कामातलं बोलणं. साडीवरचे पाच-सहा खडे निघाले असतील तर ती परत बसून दुरुस्त करतात. पट्टाच्या पट्टा गेला असेल तर तिला सेकंडच्या ढिगात टाकतात. नीटमध्ये एक उत्तर चार मार्कांचं, हे तिला ठाऊक होतं. बावीस म्हणजे पाच-सहा उत्तरं. तिच्या हिशेबानं मी परत बसण्यात काही प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून बायकांनी आपण होऊन आमचा ओटा सोडला. गल्लीच्या टोकाला उन्हातल्या घरासमोर त्या बसू लागल्या, पोरीला अभ्यासाला शांतता हवी म्हणून. तोडून बोलणं ऐकलेली ती मावशीसुद्धा गेली. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ती तिकडे बसलेली मला खिडकीतून दिसायची.

एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायचं कारण नव्हतं. पण तीन घरं सोडून माझी मैत्रीण राहायची. शाळा एक, क्लास एक, परीक्षा एक. निकालाच्या संध्याकाळी ती गच्चीवर आली आणि कठड्याला टेकून म्हणाली, "मारे तो साठ ओछा पड्या, यार. तारे?" आम्ही दोघी आपसांत अशाच, अर्ध्या गुजरातीत बोलायचो.

"बावीस," मी म्हणाले.

तिनं मला मिठी मारली. तिला खरंच आनंद झाला होता. तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून मी वजाबाकी केली. एकशे चाळीसातून साठ. ती माझ्यापेक्षा ऐंशी मार्कांनी पुढे होती.

तिच्या वडिलांना सगळी गल्ली नाना म्हणते. ते एका मिलमध्ये कापड तपासतात. दिवसभर उभं राहून समोरून सरकणारं कापड बघायचं आणि फ्रेश की सेकंड ते ठरवायचं. सावकाश बोलणारा माणूस, पण ठरवलं की ठरवलं. त्या रविवारी ते आमच्याकडे आले. मैत्रिणीला नर्सिंगला जागा मिळत होती, आणि ती घ्यायची की नाही हे आठ दिवसांत कळवायचं होतं. घ्यायची, की माझ्यासारखं वर्ष थांबून पुन्हा नीटला बसायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"चेकिंगमा नमुना समोर लागस," ते वडिलांना म्हणाले. "नमुना बिगर माल पारखता येस नही. आते तुमनी पोर बावीसवर अटकनी, ती परत बसस. मनी पोर साठवर. तिनं काय करू?"

मग ते माझ्याकडे वळले. "तूच सांग बेटा. तुले समजस. साठ एक वरीसमा भरी निंघतीन का?"

मला समजत होतं. आपण स्वतः एकशे चाळीस भरून काढायला निघालो होतो, तर साठ भरतील की नाही हे मला चांगलंच समजत होतं. पण ती थांबली असती तर पुन्हा माझ्याच बाकावर बसली असती. पुन्हा बसणाऱ्यांच्या क्लासमध्ये टेस्टचे पेपर शेजारणीकडून तपासून घेतात, म्हणजे माझे पेपर तिच्या हातात गेले असते आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं असतं की ही बावीसवाली नाही. हे सगळं डोक्यात एका झटक्यात येऊन गेलं.

"कठीण आहे, नाना," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. चहा संपवला आणि गेले. पुढे चार दिवस मी अर्ध्या ताटावरून उठत होते, आणि आईला वाटलं पोरीनं मार्कांचं मनाला लावून घेतलंय.

आठ दिवसांतल्या सातव्या दिवशी मी निकालाची प्रिंट काढली, घडी करून फिजिक्सच्या पुस्तकात ठेवली आणि तिच्याकडे गेले. मनात सगळं जुळवून गेले होते. आधी कागद दाखवायचा, मग रडायचं, मग जे होईल ते. ती झेरॉक्स लावत बसली होती. दहावीची, बारावीची, जातीच्या दाखल्याची. मला बघून म्हणाली, "तू क्लासला एकटी पडशील गं. डबा कुणाबरोबर खाशील?"

मी म्हणाले, बघू. तिला झेरॉक्सना टाचण्या मारायला मदत केली आणि पुस्तक छातीशी धरून परत आले. एवढंच झालं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी मध्ये आलं नव्हतं. मी भित्री निघाले.

ते वर्ष मी ढोरासारखा अभ्यास केला. आईनं एक युक्ती काढली. सरावाच्या वहीत जो प्रश्न चुकेल त्याच्यापुढे खडा चिकटवायचा, आणि नंतर तो बरोबर सुटला की खडा काढायचा. उरलेसुरले लाल खडे ती मला वाटीत द्यायची. तिला अक्षर वाचता येत नाही, पण खडे मोजता येतात. मी तर पाच-सहा खड्यांची मुलगी. म्हणून मी दोन वह्या केल्या. एक आईला दाखवायची, पानाला एखादा खडा असलेली. दुसरी गादीखाली, जिचं पान उलटताना खडे एकमेकांत अडकायचे. "वाटी लवकर सरस तुनी," आई एकदा म्हणाली. हातातून सांडतात म्हणून मी सांगितलं. त्या माउलीनं त्या दिवशी केर काढताना पलंगाखाली खडे शोधले.

पण अभ्यास मात्र खरा होता. कुठं घसरते हे त्या दुसऱ्या वहीनं दाखवलं. फिजिक्समध्ये मी घाईनं उत्तरं ठोकत होते आणि उणे मार्क ओढवून घेत होते. ते थांबवलं. दर रविवारी तीन तास घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवला. फेब्रुवारीत गादीखालची वही आईच्या वहीसारखी दिसायला लागली.

आणि मी पास झाले. सरकारी कॉलेजात जागा मिळाली. वाचणाऱ्याला वाटेल, मग चांगलंच झालं की. मलाही तसं वाटावं म्हणून मी पुष्कळ खटपट केली. पण एकशे चाळीस भरले याचा अर्थ साठ नक्कीच भरले असते, आणि हे सिद्ध करून दाखवणारी मीच होते. नापास झाले असते तर निदान मनाला सांगता आलं असतं की नाहीतरी तिचंही झालं नसतं.

नाना पेढे घेऊन आले. "देखा, नमुना खरा निंघना," म्हणाले. मैत्रीण नर्सिंगच्या होस्टेलवरून मुद्दाम आली होती. तिनं पेढा माझ्या तोंडात कोंबला. मी तो गालात धरून मोरीत गेले आणि थुंकला.

त्यानंतर ती माझ्याशी कधी वाकडं वागली असती तर बरं झालं असतं. ती आता भेस्तानला एका दवाखान्यात नर्स आहे, आणि कामात इतकी तरबेज आहे की म्हातारे पेशंट तिचीच ड्युटी विचारून येतात. माझी इंटर्नशिप सुरू झाली तेव्हा मला शीर सापडायची नाही. पेशंटला दोनदा, तीनदा टोचायला लागायचं, नातेवाईक डोळे वटारायचे. एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे जाऊन रडले. तिनं पट्टा आणला, स्वतःच्या दंडाला बांधला आणि हात माझ्यापुढे केला. "डोळ्यांनी नको शोधू, बोटानं शोध," म्हणाली. तिच्याच शिरेत मी सुई नीट घालायला शिकले. "काय हे डॉक्टर मॅडम," ती हसत होती, आणि माझी मान वर होत नव्हती. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. त्याही दिवशी सांगितलं नाही.

गेल्या जूनची गोष्ट. मी सुट्टीवर घरी होते. नाना आले, सोबत गल्लीतली एक बाई आणि तिची मुलगी. मुलीचं नीट पंच्याण्णव मार्कांनी राहिलं होतं. तिला पुन्हा बसायचं होतं आणि तिच्या आईचा धीर होत नव्हता. मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"डॉक्टर, हाई पोरले समजाडी सांग," नाना म्हणाले. "तुनं बावीस व्हतं, तू परत बसनी, निंघनी. पंच्याण्णवनं काय व्हई? मी मनी पोरले येळवर नर्सिंगले धाडं. आज सुखमा शे का नही?"

मुलीनं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. "ताई, तुमचं खरंच फक्त बावीसनं राहिलं होतं?"

तिनं सहज विचारलं होतं. पण मला निकालाचा दिवस आठवला, ओटा आठवला आणि मैत्रिणीच्या झेरॉक्स आठवल्या. आतल्या खोलीत आई साडी पसरून बसली होती. मी पुन्हा बावीस म्हणाले असते तर या पोरीचंही माझ्याच पायी राहिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "एकशे चाळीसनं."

आतला साडीचा आवाज थांबला. नानांनी चहाचा कप तोंडापासून खाली घेतला.

"कितलं?"

"एकशे चाळीस, नाना. बावीस मी खोटं सांगितलं होतं. सगळ्यांना."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"मंग मनी पोरनं तं साठच व्हतं," ते म्हणाले.

त्या बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, मग हिचा फॉर्म भरायचा ना? भरा, मी म्हणाले. मुलगी हसली. तिचं हसू बघायलाही मला लाज वाटली.

नाना उठले. मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेले. चपला घालायला त्यांना वेळ लागला.

"तिले माहीत शे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग सांगू नको." त्यांनी चौकटीला हात टेकवला. "ती मनं आयकीसन नर्सिंगले गयी व्हती."

त्यांना वाटत होतं की निर्णय त्यांचा एकट्याचा होता. त्या रविवारी त्यांनी मला विचारलं होतं आणि 'कठीण आहे, नाना' असं मी म्हणाले होते, हे ते विसरले होते. मी आठवण करून दिली नाही.