ज्याचा कप त्यानं विसळायचा

प्रेमलाकाकीने पक्षाच्या ऑफिसात केडी सरांच्या तोंडावर गरम चहा फेकला, अशी बातमी कोपरखैरण्यात पसरली होती. दूधवाल्याच्या बातमीत कपभर चहा होता, इस्त्रीवाल्याकडे त्याची किटली झाली आणि संध्याकाळपर्यंत सर हॉस्पिटलात पोचले. यातलं काहीच झालं नव्हतं. काकीने काही फेकलं नाही. तिने फक्त एक कप विसळला नाही.

आता एका कपावरून एवढं काय, तर त्यासाठी ऑफिसचा नियम माहीत पाहिजे. काकी साताऱ्याकडची. नवरा मार्केटात माथाडी, ही धान्याच्या गाळ्यावर निवडायला बसायची. तिला पक्षात आणलं कॉम्रेड नामदेवांनी. पहिल्याच बैठकीनंतर ती सवयीने सगळ्यांचे कप गोळा करायला लागली, तर नामदेवांनी आपला कप तिच्या हातातून काढून घेतला आणि मोरीत जाऊन विसळला. म्हणाले, 'ज्याचा कप त्यानं विसळायचा, बाई. इथं कुणी कुणाची मोलकरीण न्हाई.' काकीला पक्षाचा जाहीरनामा कधी पाठ झाला नाही. हे एक वाक्य झालं. तेवढ्यावर तिने लाल झेंडा धरला, मोर्चात लाठी खाल्ली, ऑफिसची किल्ली सांभाळली.

नामदेव गेले. यंदा त्यांचाच मुलगा कृष्णात सेक्रेटरी झाला. काकीच्या मांडीवर बसून शेंगदाणे खाल्लेलं पोरगं आता केडी सर. आल्या आल्या लाल भिंत ऑफव्हाइट झाली. 'कॉम्रेड' जाऊन 'मित्रहो' आलं, तेही जरा नाकातून, शेवटचा 'हो' लांबवून. पक्षाला सोसायट्यांमधली मतं हवी होती, आणि सोसायटीवाले म्हणे लाल रंग दिसला की दार लावून घेतात. काकीने त्याबद्दल तक्रार केली नाही. रंग काय, भिंतीचा.

बिनसलं ते उरणजवळच्या द्रोणागिरीवरून. तिथल्या एका गोदामातून पॅकिंगच्या बायकांना तडकाफडकी काढून टाकलं होतं. त्यांत काकीची सून उज्वला. पूर्वी असं झालं की लगेच गेट मीटिंग, झेंडे, घोषणा, आणि मालकाचा माणूस खाली येईपर्यंत जागचं हलायचं नाही. काकीने बैठकीत तेच मागितलं.

'काकी, बेसिकली काय आहे,' सर म्हणाले, 'गेटवर ओरडायचे दिवस गेले. आता टेबलावर बसून बोलायचं. संवाद.'

'बोल की. पन त्या टेबलाला उज्वलाची खुर्ची हाय का?'

'तिच्या वतीने मी असेन ना.'

हात वर करायला सांगितले. उरणचा अब्दुर्रहमान चाचा, काकीच्या बरोबरीने लाठ्या खाल्लेला, थोड्या वेळापूर्वीच जिन्यात तिला म्हणाला होता की गेट मीटिंग झालीच पाहिजे. हात वर करायच्या वेळी तो पंख्याकडे बघत बसला. गेट मीटिंग बारगळली.

चहा झाला. सगळे आपापला कप घेऊन मोरीकडे गेले. सरांचा टेबलावरच. तसा तो सर सेक्रेटरी झाल्यापासून रोजच राहायचा, आणि पोरगं घाईत असतंय म्हणून काकीच गुपचूप विसळून ठेवायची. त्या दिवशी सर फोन कानाला लावूनच म्हणाले, 'काकी, तेवढा कप घ्या ना.'

'तुजा हाय,' काकी म्हणाली आणि घरी निघून आली.

झालं ते एवढंच. पुढच्या बैठकीला कप तिथेच होता, तळाला साय वाळलेली. काकीला वाटलं, आता हा विसळेल, नाहीतर चिडेल. सरांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी कागदी कप आणले. सगळ्यांना सारखे. कुणाचं मन दुखावलं नाही आणि मोरीकडे जायचं कुणालाच कारण उरलं नाही. काकी एकटी नळापाशी उभी राहिली. तिच्याकडे भांडायला कपसुद्धा उरला नव्हता.

मग तिने पक्षाला न विचारताच गेटवर बसायचं ठरवलं. उज्वला, आणखी काही बायका आणि माळ्यावरचा जुना झेंडा. आदल्या संध्याकाळी मी, तिची शेजारीण, तिच्या दारात 'मित्रहोओ, बेसिकली' करून दाखवत होते. एरवी हसून हसून पदराने डोळे पुसणारी काकी त्या दिवशी हसली नाही. मी म्हटलं, केडी सर उद्या तिकडे फिरकायचेसुद्धा नाहीत.

'येतोय,' काकी म्हणाली. 'लाव पैज. हरलीस तर त्याची नक्कल बंद.'

मला वाटलं, नामदेवांच्या पोरावर अजून जीव आहे हिचा.

मीही गेले, पैज जिंकायला. दुपारपर्यंत बायका उन्हात बसून होत्या, खाली कुणी आलं नाही. मग सर आले, सोबत फोटोवाला. झेंडा फोटोत येत होता, तो जरा बाजूला घ्यायला लावला. मॅनेजर त्यांना आत घेऊन गेला. बाहेर येऊन सरांनी सांगितलं, सकारात्मक चर्चा झाली. कामावर परत कधी घेणार, हे काही चर्चेत आलं नव्हतं. आतला चहा त्यांच्या हातात होता, कागदी कपात. तो संपल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोलता बोलता रिकामा कप उज्वलाच्या हातात दिला.

'आला का न्हाई?' काकी मला म्हणाली. जिंकलेल्या माणसाचा आवाज तसा नसतो.

बायका अजून घरीच आहेत. परवा काकी स्वतःहून म्हणाली, 'कर की गं एकदा, ते मित्रहो.'

मी केलं नाही. पैज हरले होते.