पाच वेळा 'का'

जगात आजवर 'का?' हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा कोणी विचारला असेल, तर तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी. चाकणच्या एका कंपनीत ते तीस वर्षं क्वालिटीत होते. पार्ट बिघडला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला खरं कारण सापडतं, ही तिथली शिकवण. काका रिटायर झाले, 'का' झाला नाही. संत तुकाराम नगरच्या मंडईत गवार महागली तरी पाच 'का'. तिसऱ्यालाच भाजीवाला हात जोडायचा, "काका, पावशेर तशीच न्या, पण गिऱ्हाईक खोळंबलंय." काकू तर सांगतात, "मला बघायला आले तेव्हा मी लाजत 'पसंत आहे' म्हणाले, तर हे विचारतात, 'का?'"

अशा माणसाच्या तावडीत मी आपण होऊन सापडले. अमेरिकेतल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, मिळावं म्हणून एमबीबीएसनंतर तीन वर्षं माझी धडपड चालली होती. आदल्या वर्षी मुलाखती देऊनही कुठेच जागा मिळाली नव्हती. यंदा बोलावणी आली तीनच, आणि हा शेवटचा प्रयत्न, असं मी घरी कबूल करून बसले होते. काका म्हणाले, "रिजेक्शन आलंय ना? मग कारण शोधायला नको? उद्या सहाला बसू."

मुलाखत व्हिडिओवर असते म्हटल्यावर त्यांनी खालच्या घरातून वरच्या घरात व्हिडिओ कॉल लावला. शर्ट कडक इस्त्रीचा, टाय कंपनीच्या रौप्यमहोत्सवातला, चेहरा अमेरिकन. "डॉक्टर, टेल मी अबाउट युवरसेल्फ," एवढं म्हणतायत तोच कुकरची तिसरी शिट्टी झाली. काकू देवळात गेलेल्या. साहेब उठले आणि टायखालची निळ्या चौकड्यांची लुंगी गॅस बंद करून आली. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. काका मात्र गंभीरच.

"डॉक्टर का व्हायचं?"

"लोकांची सेवा करायची आहे."

"का?"

"त्यात समाधान मिळतं."

"का?"

पाठ केलेली उत्तरं इथे संपली. मी काहीतरी पुटपुटले. चौथ्या 'का'ला चिडले, "पुरे आता, काका."

"चार झाले, एकच राहिला. का?"

"बाबांना ऐकू येत नाही म्हणून," मी म्हणून गेले. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात बाबांचे कान गेलेले. दवाखान्यात डॉक्टर हळू बोलायचे, बाबा नुसतं हो हो करायचे, आणि नऊ वर्षांची मी सगळं त्यांच्या कानात ओरडून सांगायची. बाबांची मूळव्याध बाहेरच्या रांगेलाही पाठ झाली होती. "मला पेशंटला कळेपर्यंत बोलणारी डॉक्टर व्हायचंय."

काकांनी टाय सैल केला. "हे गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटायची," मी म्हणाले. पुढचा 'का' त्यांनी विचारला नाही.

तिन्ही मुलाखतींत मी हेच सांगितलं. जागा मिळाल्याची ईमेल आली तेव्हा बाबांना इतक्या मोठ्याने सांगावं लागलं, की मी कळवायला खाली जायच्या आत काका पेढे घेऊन वर आले होते.

आता इथे वॉर्डात पेशंटच्या पहिल्याच उत्तरावर मी थांबत नाही. रविवारी काकांचा फोन येतो. त्यांच्याकडे माझ्यासाठी आता एकच 'का' उरलाय, "जेवलीस का?" मी हो म्हणते. ते दरवेळी खरं असतंच असं नाही. पुढचे चार ते विचारत नाहीत, आणि त्यांनी ते विचारावेत असं मला फार वाटतं.