गोष्टीतली माणसं बोलायला लागली तेव्हा

मास्तरकीत पैसा साठत नाही, किस्से मात्र साठतात. वडूजजवळच्या एका गावात मी सातवीला मराठी शिकवत होतो. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. मुलांना गोष्ट लिहायला सांगितली की गोष्टीतलं कुणी बोलायचंच नाही, म्हणून मी संवाद शिकवायचं मनावर घेतलं. तिथून सगळं सुरू झालं.

पहिल्याच वहीत एका शेतकऱ्याला साप दिसला होता. शेतकरी म्हणाला, "अरेरे! हा पाहा विषारी सर्प!"

लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं, तुझे वडील साप दिसल्यावर असं बोलतात का?

"न्हाई गुरुजी."

"मग काय बोलतात?"

"बोलत न्हाईत. दगड घेत्यात."

*

मग मी सांगितलं, घरी बोलतात तसंच लिहा. नामदेव नावाच्या मुलानं आईवडिलांचा संवाद लिहिला: "जेवला?" "व्हय." "मग झोपा."

मी लाल शाईनं शेरा मारला, 'संवाद वाढवा.' दुसऱ्या दिवशी वही आली.

"जेवला?" "व्हय." "लय जेवला?" "व्हय, लय." "मग झोपा."

*

मुलं घरच्या बोलीत लिहितात ही बातमी तपासणीला आलेल्या साहेबांपर्यंत पोचली. त्यांनी वह्या मागवल्या आणि प्रत्येक 'हाय' खोडून 'आहे' केलं. मग वर्गापुढं शुद्ध भाषेवर अर्धा तास बोलले. माझी बदली आता महाबळेश्वरच्या पावसात होणार, या विचारानं हेडमास्तर माझ्याकडे बघेनात.

तेवढ्यात शिपायानं चहा आणला. साहेबांनी बोलता बोलता मोठा घोट घेतला आणि ओरडले, "आरं, लय गरम हाय की ह्यो!"

वर्गात चाळीस पेन्सिली एकदम चालायला लागल्या. पुढच्या बाकावरच्या मुलीनं अदबीनं विचारलं, "साहेब, 'हाय' लिहू का 'आहे'?"

साहेबांनी मिशी पुसली. शेरेबुकात त्यांनी एकच ओळ लिहिली, 'विद्यार्थ्यांचे श्रवण उत्तम.' माझी बदली झाली नाही.

*

शालन वर्गात सगळ्यात हुशार. आठवीसाठी वडूजला जावं लागायचं आणि तिच्या वडिलांनी, तुकारामआबांनी, सातवीनंतर शाळा बंद असं ठरवून टाकलं होतं. ती रडली नाही, की माझ्याकडे काही बोलली नाही. वर्षाच्या शेवटी मी गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा तिनं एक गुरुजी मुलीच्या वडिलांना भेटायला जातात अशी गोष्ट लिहिली. वाचून मला लाज वाटली, कारण मी गेलोच नव्हतो.

रविवारी सकाळी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. आबांना वाचता येत नव्हतं. समजावून सांगायचा धीर होईना, म्हणून मी सरळ गोष्टच वाचायला घेतली. त्यातला बाप म्हणत होता, "पोरीच्या जातीला एवढं बास. एवढ्या लांब एकटी कशी जाईल. घरी आईच्या हाताखाली कोण." आबा मान हलवत ऐकत होते. शेवटी गोष्टीतला बाप म्हणाला, बरं, जाऊ दे तिला शाळेला.

आबांची मान थांबली.

"गुरुजी, बाकी समदं मी बोललो तसंच हाय. पर ह्ये शेवटचं मी कवा म्हनलो?"

चुलीपुढून शालन म्हणाली, "अजून न्हाई म्हनला, आबा. म्हणून तर तेवढ्या वाक्याला अवतरणचिन्हं दिली न्हाईत."

"ती काय असत्यात?"

"माणूस खरंच बोललं, की त्याच्या बोलण्याला दोन्हीकडनं देत्यात."

आबांनी वही माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि तिच्यापुढं धरली.

"दे मग."