आठ मैलांवरचे मास्तर

परतूरच्या अलीकडचं ते छोटं स्टेशन आता उरलेलं नाही. ब्रॉडगेज झाली तेव्हा जुनी इमारत पाडून टाकली. सत्तरच्या दशकात, मीटरगेजच्या काळात, मी तिथं तीन वर्षं असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. वय चोवीस, लग्न नाही, स्वयंपाकाच्या नावानं बोंब. दिवसातून मोजक्या गाड्या, बाकी वेळ ऊन आणि कापसाच्या गाठी. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन गाडी गेली की आपल्या शेताकडे पळायचा. मी माणसांचा भुकेला होतो. तेव्हा हे मेलो तरी कबूल केलं नसतं.

बोलायला एक फोन होता. गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनकडून 'लाइन क्लिअर', म्हणजे रूळ मोकळा असल्याची कबुली, घ्यायची, मग यंत्रातून एक लोखंडी गोळा निघायचा. तो वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती दिल्याशिवाय गाडी हलत नसे. यासाठी जालन्याच्या बाजूच्या स्टेशनावरच्या मास्तरांशी रोज बोलणं व्हायचं. ते रिटायरमेंटला टेकलेले, मी पोरसवदा, तरी एकमेकांना आम्ही 'मास्तर'च म्हणायचो. आठ मैलांवर असून आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

एकदा वरच्या कचेरीचा कागद आला : आपल्या स्टेशनचा इतिहास लिहून पाठवा. कसला डोंबलाचा इतिहास! फोनवर तसं म्हणालो, तर पलीकडून प्रश्न आला, "तुमच्या खोलीच्या खिडकीची वरची कडी लागत न्हाई, बराबर?"

मी चाटच पडलो.

"सात वर्षं त्याच खोलीत राह्यलो मी. तवाबी लागत न्हवती. घ्या कागद, मी सांगतो."

मग महिनाभर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, ते सांगत गेले. आधी विहीर खोदली, इमारत नंतर, कारण गवंड्यांना पाणीच नव्हतं. पाटीवर पूर्वी उर्दू अक्षरं होती. ती रंगानं बुजवली, तरी पाटी ओली झाली की खालून दिसायची. त्यांची मुलगी त्या खोलीत जन्मली. सुईण ज्या गाडीनं यायची ती तीन तास लेट, म्हणून पॉइंट्समनच्या बायकोनं बाळंतपण केलं. "हे लिहू नका मास्तर," ते म्हणाले, "हे माझं हाय." दोन पानं झाली. सगळी त्यांची, खाली सही माझी.

"या एकदा इकडं," ते म्हणायचे. येतो येतो म्हणून मी सुटीच्या दिवशी परतूरला जायचो. तिथं खानावळ होती, चार माणसं दिसायची. त्यांच्या स्टेशनात काय होतं? एक म्हातारा. इतका कसा मी कोडगा होतो, कोण जाणे.

ते रिटायर झाले त्या आठवड्यात फोन आला. "सोमवारच्या पॅसेंजरनं चाललो, परभणीला, लेकीकडं. इंजिनापासून तिसऱ्या डब्यात बसतो. तुमचं तोंड तरी बघू."

पॅसेंजर माझ्याकडे दोनच मिनिटं थांबायची. मला ती पुरेनात. मी गाड्या कुठं थांबवायच्या ते ठरवणाऱ्या कंट्रोलच्या हातापाया पडून परतूरकडून येणाऱ्या मालगाडीचं क्रॉसिंग माझ्या स्टेशनावर लावून घेतलं. मालगाडी रोज अर्धा तास तरी उशिरा यायची. लाइन एकेरी, म्हणजे ती येईपर्यंत पॅसेंजर अडकून पडणार आणि मास्तर माझ्यासमोर बसून चहा पिणार. पेढे आणले, पांढरा ड्रेस कडक इस्त्रीचा घातला. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश होतो.

त्या दिवशी मालगाडी वेळेआधी आली.

पॅसेंजर आत आली तेव्हा मालगाडी शेजारच्या रुळावर शिट्ट्या मारत होती. आता दोन्ही गाड्या एकदम सोडायच्या. हा गोळा यंत्रात टाक, तो काढ, इकडे घंटी, तिकडे फोन. एक कडं पॉइंट्समनकडे देऊन त्याला मालगाडीकडे पिटाळलं. मास्तर उठून आत येतील, अशी वेडी आशा होती. ते येणार नव्हतेच. क्रॉसिंग चालू असताना मास्तरशी बोलायचं नाही, हे आमच्यात पोथीसारखं पाळलं जाई, आणि त्यांच्याइतकं ते कोण पाळणार?

दुसरं कडं घेऊन मी इंजिनापर्यंत धावलो. ड्रायव्हरनं ते घेतलं आणि गाडी हलली. तिसरा डबा समोरून गेला. खिडकीतून एक हात बाहेर आला होता, आडवा, स्थिर, ड्यूटीवरचा माणूस 'सगळं ठीक' म्हणून दाखवतो तसा. सवयीनं माझाही हात वर गेला आणि सवयीनंच नजर शेवटच्या डब्याकडे वळली. गाडी पूर्ण आली-गेली की नाही, ते शेवटच्या डब्यावरूनच बघायचं असतं. चेहऱ्याकडे बघायला मान वळवली तोवर समोर चौथा डबा होता.

मालगाडीही गेली. जालन्याच्या बाजूच्या स्टेशनाला तिची खबर द्यायला आत जाऊन फोन उचलला.

"मास्तर, तुम्हाला बघायचं राहूनच गेलं हो," मी बोलून गेलो.

पलीकडून एक तरुण, अनोळखी आवाज आला, "साहेब, मालगाडी निघाली का?"

"निघाली," मी म्हणालो. वेळ सांगितली आणि फोन ठेवला. मास्तरांसाठी केलेला चहा तसाच गार झाला होता, आणि पुढची गाडी साडेचार तासांनी होती.